ठाण्यास सप्रेम भेट

ज्या पोलीस ठाण्याविरुद्ध तक्रार, त्याच ठाण्यात जबाब द्यायला या, असं पत्र तिसऱ्यांदा आलं तेव्हा लिलाबाईला हसूच आलं. चोरालाच चोरीचा पंचनामा करायला बसवायचं, असा हा कारभार. तरी ती गेली. डाळ मिलमधला अर्धा दिवस खाडा केला, मेहरूणहून रिक्षा धरली आणि ठाण्याच्या बाकावर जाऊन बसली. मोबाईल फाटकावरच काढून घेतला. तक्रारदाराने मोबाईल आत न्यायचा नाही, हा त्या ठाण्याचा घरचा कायदा होता. कुठल्या पुस्तकात तो सापडला नसता.

तक्रार काही गुंतागुंतीची नव्हती. तिचा नवरा आधार जळगावच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानासमोर बसून भांड्यांवर नावं घालायचा. लग्नातला आहेर, मुलीला द्यायचं पिंप, मामाकडून भाच्याला ताट. कोणाकडून कोणाला, कुठल्या तारखेला, हे सगळं तो छिन्नी आणि हातोडीने ठोकून काढायचा. हल्ली बाकीचे मशीन वापरतात. घर्रकन नाव उमटतं आणि दोन वर्षं घासलं की निम्मं निघून जातं. आधारला त्या मशीनचा राग होता. आणि तारखेनंतर तो एक छोटंसं पिंपळपान काढायचा. तीन ठोक्यांत पान, चौथ्या ठोक्यात देठ. गिऱ्हाईकाने न सांगता, पैसे न घेता. ती त्याची खूण होती.

तीस मे दोन हजार बावीस, सोमवार. ऐन लग्नसराई. एका मंगल कार्यालयातली पितळी भांडी चोरीला गेली होती आणि त्यातली काही भंगारात सापडली, नावं घासून काढलेली. फौजदार सोनगिरे यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की नाव घासणारा माणूस नाव घालणाराच असणार. आधारला दुकानासमोरून पिशवीसकट उचललं. सोमवारी नेलेला माणूस गुरुवारी रात्री घरी आला. उजव्या हाताची तीन बोटं मोडलेली होती. कागदावर मात्र त्याला गुरुवारी, दोन जूनला सायंकाळी 'चौकशीकामी' बोलावलं आणि रात्री सोडलं. हात? मोटारसायकलवरून पडला असेल. आधारला मोटारसायकल येत नव्हती, घरात मोटारसायकल नव्हती आणि कधी येईल असं लक्षणही नव्हतं.

बोटं वाकडीच जुळली. छिन्नी राहू दे, पेनही धरता येईना. जो माणूस सगळ्या जळगावची नावं लिहायचा, तो आता कागदांवर अंगठा उठवू लागला.

लिलाबाईने मोठ्या साहेबांना अर्ज केला. उत्तर आलं, तथ्य आढळून आले नाही. नाशिकला, त्याहून वरच्या साहेबांकडे तक्रार पाठवली. तिथून चौकशीसाठी कागद फिरत फिरत पुन्हा याच ठाण्यात आला. सोनगिरेंचं म्हणणं एकच होतं. दोन जूनच्या आधी हा माणूस ठाण्यात नव्हता, तशी डायरीत नोंदच नाही. आणि नोंद नाही म्हणजे तो नव्हता. सरकारी जगात माणूस असा नाहीसा करता येतो.

त्या दिवशी बाकावर बसून दोन तास झाले. घसा कोरडा पडला. कोपऱ्यात स्टीलची एक पाण्याची टाकी होती, साखळीला पेला बांधलेला. लिलाबाई उठली, पेला नळाखाली धरला आणि सहज वर बघितलं. टाकीच्या पोटावर नाव घातलेलं होतं.

'हवालदार सुपडू वाघ यांजकडून सेवानिवृत्तीनिमित्त ठाण्यास सप्रेम भेट. दि. ३१/५/२०२२'

आणि तारखेनंतर पिंपळपान. तीन ठोके आणि देठ.

पेला भरून पाणी हातावर सांडायला लागलं तरी तिला कळलं नाही. एकतीस मे, मंगळवार. त्या दिवशी दुपारी ती स्वतः या ठाण्याच्या फाटकाशी उभी होती, हातात डबा घेऊन. भाकरी आणि ठेचा. शिपाई म्हणाला होता, "असा कोणी माणूस इथे आणलेला नाही, बाई. दुसरीकडे बघा." ती अर्धा तास तिथेच उभी राहिली होती. आणि मागच्या बाजूने आवाज येत होता, टक टक टक टक. काहीतरी दुरुस्ती चालली असेल असं तिला वाटलं. पंचवीस वर्षं जो आवाज ऐकत संसार केला तो आवाज तिला त्या दिवशी ओळखू आला नाही. याचा तिला इतका संताप आला, स्वतःचाच, की टाकीवर डोकं आपटावं असं वाटलं. पण तिने तसं काही केलं नाही. पेला पूर्ण प्याली, साखळीला अडकवला आणि जबाब देऊन घरी गेली.

घरी आधार ओट्यावर बसला होता. तिने विचारलं, "त्या टाकीवर नाव तू घालं ना?"

त्याने मान खाली घातली. मग बोलला.

"सुपडू हवालदारनं रिटायरमेंट व्हतं त्या दिन. दुपारले दुकानमधून टाकी उनी. तो माले बोलना, पिशवीमा छिन्नी शे ना, दे नाव घाली. चहा पाजा. भजा दिन्हात. बोलना, संध्याकायले तुले सोडी देतस." त्याने वाकडा हात मांडीखाली दडवला. "मी मन लाईसन काम करं, लिला. इतलं चांगलं नाव मी कोना लगीनमा बी घालं नही. वाटनं, काम देखीसन सोडतीन. आनि त्याच रातले..."

"माले का बरं नही सांगं?"

"लाज वाटनी. त्यासनी मारं, तेनी नही. मी त्यासले खूश कराले गऊ, तेनी."

लिलाबाई त्याच्याशेजारी बसली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. नवऱ्याने मार खाल्ला हे तिने कधीच पचवलं होतं, पण त्याने आशेने काम केलं हे पचेना. डोळे पुसून तिने एकच विचारलं, मारताना ते काय म्हणत होते.

"सोनगिरे बोले, भांडासवरनं नाव तूच घासं. मी बोलनू, साहेब, मशीननं नाव घासाई जास. छिन्नीनं नाव घासाई जात नही. तो आयकेच ना."

वकील दिपमाला भदाणे तरुण होती आणि बोलायला गोड. गोड बोलणारी माणसं कोर्टात फार धोकादायक असतात. तिने लिलाबाईचं ऐकून घेतलं, वहीत काही लिहिलं आणि म्हणाली, "अक्का, आता नुकसानभरपाईचा दावा लावू. सोनगिरेंवर, नावाने. पण टाकीचा शब्द कुठे काढायचा नाही. आज बोललात तर उद्या टाकी भंगारात जाईल. साहेब आधी शपथेवर काय बोलतात ते बोलू द्या."

"किती मागायचे?" दिपमालाने विचारलं.

"तुमी काय लिखशात ते लिखा," लिलाबाई म्हणाली. "माले पैसा नको. हाऊ माणूस तठे व्हता, इतलं लिखेल जोयजे."

दावा लागला आणि लोकांना अक्कल सुचली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं चुलतदीर म्हणाला. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं शेजारीण म्हणाली. मिलमधल्या मुकादमाने तर तिचं नाव 'पोलीसवाली' ठेवलं. लिलाबाईने सगळ्यांचं ऐकलं आणि कोणाचंच ऐकलं नाही. दर दोन-अडीच महिन्यांनी ती कसला ना कसला अर्ज घेऊन ठाण्यात जायची. कधी माहितीचा, कधी नकलेचा, कधी आधीच्या अर्जाचं काय झालं याचा. अर्ज द्यायची, पोच घ्यायची आणि कोपऱ्यात जाऊन पेलाभर पाणी प्यायची. पान जागेवर आहे ना, एवढंच बघायचं होतं. शिपाई आपसात हसायचे, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, पाणी प्यायला मेहरूणहून येते.

एकदा सुपडू हवालदार स्वतः घरी आला. आता नुसताच सुपडू नाना. शाळेत गुरुजींनी गावातल्या निम्म्या पोरांसारखी एक जून जन्मतारीख ठोकून दिलेली, म्हणून एकतीस मेला सेवानिवृत्त झालेला. पेढे घेऊन आला होता.

"वहिनी, साहेबांची बढती अडली आहे. मिटवून टाका. तेही दोन पावलं मागे येतील. झालं गेलं, कोणाच्या मनात काही नव्हतं."

लिलाबाईच्या जिभेवर टाकी आली होती. अगदी दातांपर्यंत. तिने ती गिळली आणि त्याला पाणी दिलं, आपल्या लग्नातल्या पेल्यात. पेल्यावर पिंपळपान होतं. सुपडू पाणी प्यायला, त्याने पेला पालथा ठेवला आणि त्याला काही दिसलं नाही. पेढ्यांचा पुडा लिलाबाईने त्याच्याच पिशवीत परत ठेवला.

"नाना, तुमनी चहा पाजा व्हता त्याले," ती म्हणाली. "तो फेडाले पाणी दिन्हं. आते जा."

चपला घालताना सुपडूचा पाय दोनदा चुकला.

दावा उभा राहून साक्षीपुराव्यावर यायला दोन हजार पंचवीस साल उजाडलं. आधारची साक्ष झाली. त्याला धड बोलता आलं नाही. समोरच्या वकिलाने विचारलं, तीन दिवस तुम्ही ठाण्यात होतात याला कागद काय? आधार म्हणाला, कागद नही. कोर्टात दोघंचौघं हसले. लिलाबाईने पदराचं टोक मुठीत इतकं दाबलं की तिची नखं तळहातात रुतली.

मग सोनगिरे पिंजऱ्यात उभे राहिले. कडक इस्त्री, हातात टोपी. दिपमालाने त्यांना आधी पाणी हवंय का विचारलं. ते नको म्हणाले.

"साहेब, दोन जूनच्या सायंकाळपूर्वी वादी ठाण्याच्या आवारात कधी आला होता?"

"कधीच नाही. मी त्याला प्रथम पाहिलं ते दोन जूनला."

"एकतीस मेला आपण ठाण्यात होता?"

"दिवसभर. आमच्या हवालदारांचा निरोप समारंभ होता. सगळं मीच पाहिलं."

"छान. म्हणजे आपल्याला ठाण्याची आस्था आहे. हवालदारांनी काही भेट दिली असेल?"

सोनगिरे खुलले. कौतुक कोणाला नको असतं? "पाण्याची टाकी दिली. दुपारी एकच्या सुमारास दुकानाच्या टेम्पोतून आली, मीच उतरवून घेतली. पाच वाजता पूजा करून पाणी भरलं. आजही सगळे तेच पाणी पितात."

"टाकीवर हवालदारांचं नाव आहे?"

"आहे ना. समारंभात वाचूनही दाखवलं."

"दुकानातूनच घालून आलं होतं?"

"नाही, कोरी आली..." म्हणता म्हणता ते थांबले. थांबायला उशीर झाला होता. स्टेनोची बोटं चालली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"म्हणजे एक ते पाच या वेळात, ठाण्याच्या आत, कोणीतरी नाव घातलं. कोणी?"

"असेल कोणी कारागीर. मला आठवत नाही."

दिपमालाने लिलाबाईचा लग्नातला पेला न्यायाधीश बाईंपुढे ठेवला, त्यावरचं पिंपळपान दाखवलं आणि टाकी कोर्टात हजर करण्याचा अर्ज दिला. आजच आणावी, असं ती म्हणाली. समोरच्या वकिलाने वेळ मागितला, ठाण्यात पाण्याची सोय करावी लागेल, उन्हाळा आहे. न्यायाधीश बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वापाच झाले होते. उद्या सकाळी अकरा वाजता टाकी हजर करा, असा हुकूम झाला.

लिलाबाईला रात्रभर झोप नव्हती. रात्रीत काय होणार ते तिला ठाऊक होतं. ठाण्यात एवढी हुशारी नसती तर आधारची बोटं शाबूत राहिली असती.

सकाळी दोन शिपायांनी टाकी आणून कोर्टाच्या मधोमध ठेवली. तिच्या पोटावर वीतभर रुंद पट्टा आरशासारखा लखलखत होता. नाव नाही, तारीख नाही, पान नाही.

"दरवर्षी पॉलिश होतं," सोनगिरेंचे वकील म्हणाले. "काल रात्री साफसफाई करताना चुकून जरा जास्त घासलं गेलं. नाव होतं हे आम्ही नाकारत नाही. पण त्याशेजारी पान होतं की फूल, हे आता कोण सांगणार?"

न्यायाधीश बाईंचा चेहरा कडक झाला. त्या काही बोलणार, तोवर लिलाबाईच उठली होती. पुरावा गेला, तीन वर्षं गेली, दहा-बारा वेळा प्यालेलं पाणी गेलं, असं सगळं एकदम तिच्या छातीत दाटून आलं. "नाव घासस म्हणीसन यान्हा हात मोडात," ती ओरडली, "आनि आते नाव कोन्ही घासं? सांगा ना, कोन्ही घासं?"

"खाली बसा, बाई," पट्टेवाला म्हणाला.

ती बसली नाही. आणि तेवढ्यात तिच्याशेजारी आधार उभा राहिला. साक्षीत ज्याला चार वाक्यं बोलता आली नव्हती, तो टाकीकडे बघत होता. त्या लखलखत्या पट्ट्याकडे. आणि त्याच्या तोंडावर चक्क हसू होतं.

"मॅडम," तो म्हणाला, आणि कोर्ट आहे म्हणून शुद्ध बोलायचा प्रयत्न करू लागला, "मी साहेबाला तवाच सांगितलं होतं. मशीनचं नाव वरवर असतं. छिन्नीचं नाव वरून घासलं तरी जात नाही. पत्रा पातळ आहे. ठोका आतपर्यंत जातो. झाकण काढा आणि हात आत घाला."

सोनगिरेंनी आपल्या वकिलाकडे पाहिलं, वकिलाने टाकीकडे. न्यायाधीश बाई खुर्चीवरून उतरून खाली आल्या. असं सहसा होत नाही. त्यांनी बाही वर सारली, झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आतून त्या पट्ट्यावर त्यांची बोटं हळूहळू फिरत गेली, उजवीकडून डावीकडे, मग परत. एका जागी थांबली. तिथेच थोडा वेळ फिरली.

"कोरा कागद आणा," त्या कारकुनाला म्हणाल्या. "आणि पेन्सिल."

कारकुनाने आत कागद धरला आणि वरून पेन्सिल आडवी घासली. छिन्नीचा ठोका बाहेरून आत जातो, म्हणून अक्षरं आतून उलटी आणि उंच उठलेली होती; पेन्सिलीने काळ्या झालेल्या कागदावर ती तशीच उलटी उमटली. कारकुनाने कागद पाठमोरा करून खिडकीच्या उजेडात धरला. उन्हात अक्षरं सुलटी झाली. सप्रेम भेट. दि. ३१/५/२०२२. आणि तारखेनंतर तीन ठोक्यांचं पान आणि त्याला देठ.

न्यायाधीश बाईंनी लिलाबाईचा पेला त्याच्याशेजारी धरला. मग त्यांनी आधारला विचारलं, "हे पान काय आहे?"

आधारने शुद्ध बोलायचा नाद सोडला. त्याने मांडीमागे दडवलेला हात पुढे काढला, तीन वाकडी बोटं सगळ्या कोर्टाला दिसतील अशी, आणि कागदाकडे दाखवलं.

"ती मन्ही सही शे, मॅडम. शेवटली. त्या रातनंतर मी अंगठाच लावस."

सोनगिरेंनी पट्टेवाल्याला खूण करून पाणी मागितलं. न्यायाधीश बाई वर जाऊन बसल्या, स्टेनोकडे वळल्या आणि सांगू लागल्या, की टाकीच्या आतील बाजूस मजकूर जसाच्या तसा आढळला, त्याचा ठसा निशाणी म्हणून दाखल करण्यात येत आहे, आणि त्यावरील खूण वादीने कोर्टासमक्ष स्वतःची म्हणून ओळखली. मध्ये त्या क्षणभर थांबल्या, पुढचं वाक्य जुळवायला.

लिलाबाई अजून उभीच होती. तिला कोणी बसायला सांगितलं नाही.

"लिखा, मॅडम," ती म्हणाली. "बठ्ठं लिखा, काही सोडू नका."